तीन तोंडांची तोटी

गेल्या रविवारी भाच्याचा पाय मुरगळला आणि क्रेप बँडेज शोधायला मी बाथरूमवरच्या कपाटात हात घातला. बँडेज काही मिळालं नाही. हाताला लागली एक पांढरी कॅरीबॅग, तोंडाला घट्ट गाठ मारलेली. गाठ नखाने सोडवली तर आतून तो वास आला. स्पिरिट, नवं प्लास्टिक आणि अजून काहीतरी. हा वास एकदा नाकात बसला की घरातल्या फिनेलनेसुद्धा दचकायला होतं. आत अर्धा वापरलेला हातमोज्यांचा खोका, नेब्युलायझरचा मास्क, एक न फोडलेली युरिन बॅग आणि दोन छोटी पारदर्शक पाकिटं. पाकिटात बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, तीन तोंडांची प्लास्टिकची तोटी, वर निळी दांडी. भाचा पाय विसरला. दहा वर्षांच्या मुलासमोर नळ ठेवल्यावर दुसरं काय होणार? त्याने एक पाकीट फोडलं, जुनी सलाइनची नळी शोधली, पाण्याची बाटली बाल्कनीच्या गजाला उलटी टांगली आणि कढीपत्त्याच्या कुंडीला ‘ठिबक सिंचन’ चालू करायच्या मागे लागला. सुट्टीत सगळे गावाला गेल्यावर झाडांना पाणी मिळायला हवं, असा उदात्त हेतू होता. मग म्हणाला, “आत्या, हे केवढ्याला मिळतं? अजून चार लागतील.” मी दुसऱ्या पाकिटाच्या मागे बघितलं. एमआरपी 112 रुपये. “एकशे बारा.”

“एकाला का डझनाला?” त्याने विचारलं.

मुलगा सहज विचारून कुंडीकडे वळला. मी मात्र तिथेच स्टुलावर बसून राहिले. आठ महिन्यांपूर्वी आईच्या बिलात ही वस्तू चौदा वेळा आली होती, आणि घरातल्या तीन शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता.

जुलै महिना होता. आईला आधी साधा खोकला, मग ताप, आणि एका रात्री बोलता बोलता तिचे ओठ निळसर दिसायला लागले. दादाने गाडी काढली. पुण्यातला पाऊस, खड्डे, मागच्या सीटवर माझ्या मांडीवर आईचं डोकं. तपासणारा मुलगा दादाच्या थोरल्या लेकापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. पण हात सराईत होते. न्यूमोनिया, ऑक्सिजन खाली, आयसीयू. दहा मिनिटांत आईच्या तोंडावर बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, मास्क चढला, आणि त्याच दहा मिनिटांत दादा खिडकीवर पन्नास हजारांचं डिपॉझिट भरत होता. मी सह्या करत होते. कितीतरी कागद, प्रत्येकाच्या तळाशी फुली मारलेली: इथे, इथे आणि इथे. एका कागदावर ‘अंदाजे खर्च’ असं छापलेलं होतं आणि पुढची जागा कोरी होती. मी त्या कोऱ्या जागेखालीही सही केली. घर भाड्याने देताना अकरा महिन्यांच्या करारातली प्रत्येक ओळ वाचणारी बाई मी.

ही तोटी मला त्याच आठवड्यात समजली. रात्रपाळीला एक ब्रदर होते, केरळचे, मराठी मोडकं पण गोड. आईच्या हाताला लावलेल्या सुईच्या पुढे ही तोटी असायची. एका तोंडातून सलाइन, दुसऱ्यातून इंजेक्शन, तिसरं शिरेकडे. ते येता-जाता अंगठ्याने दांडी फिरवायचे. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, दांडी या बाजूला म्हणजे आता औषध इकडून चाललंय ना? ते हसले. “उलटं, ताई. दांडी ज्या बाजूला, ती वाट बंद.” याला ‘थ्री-वे’ म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. आयसीयूत दुसरं करण्यासारखं काही नसतं, त्यामुळे असल्या ज्ञानाचाही आधार वाटतो. भेटीच्या वेळात मी आईचा हात धरून त्या दांडीकडे बघत बसायची. कुठली वाट चालू, कुठली बंद.

बाहेर बसलं की अर्ध्या अर्ध्या तासाने नाव पुकारलं जायचं. “पेशंटचे नातेवाईक?” मग हातात चिठ्ठी, आणि तळमजल्यावरचं मेडिकल. चिठ्ठी द्यायची, पिशवी घ्यायची, कार्ड फिरवायचं, पिशवी वर नेऊन द्यायची. पिशवीत काय आहे ते मी पहिले दोन दिवस पाहिलं, मग सोडून दिलं. मेडिकलच्या काउंटरवर एक चिकटवलेला कागद होता: याच दुकानातून औषधं घेणं बंधनकारक नाही. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाने असा फलक लावायचा आदेश काढलेला आहे. फलक होता, म्हणजे आदेश पाळला होता. आता रात्री अडीच वाजता, पावसात, आई आत मास्कखाली धापा टाकत असताना मी ती चिठ्ठी घेऊन स्वस्त दुकान शोधत लक्ष्मी रोडला जावं, अशी कुणाची अपेक्षा असेल तर नमस्कार.

मला छळतं ते हे, की बिलाबद्दल विचारायची वेळ नक्की कुठली? दाखल करताना विचारावं तर माणूस दारात तडफडत असतं. त्या क्षणी ‘किती होतील’ हे शब्द ओठांवर आणणारा आपल्याच नजरेतून उतरतो. उपचार चालू असताना विचारावं तर मनात भीती, की आपण खळखळ करणारे नातेवाईक ठरू आणि त्याचा परिणाम आतल्या कॉटवर होईल. होत नसेलही. ब्रदरचा हात आमच्या शंकांमुळे जड झाला असता, असं मला मुळीच वाटत नाही. पण तेव्हा वाटत होतं, आणि तेवढं पुरतं. आणि घरी जाताना? आई वाचली होती. ज्यांनी वाचवलं त्यांच्याशी हातमोज्यांवरून भांडायचं? तोंडातून ब्र काढायची चोरी. समजा, वाईट झालं असतं, तर आमचं भांडण हे दुःखाने डोकं फिरलेल्या माणसांचं भांडण ठरलं असतं. चार लोकांनी खांद्यावर हात ठेवून बाजूला नेलं असतं.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला ‘आज सोडतोय’ म्हणाले. आई वेणीफणी करून, स्वतःचं लुगडं नेसून कॉटवर बसली. नाकावर मास्कचा व्रण होता, काळपट लाल, चष्मा बसतो तिथेच. फाइल बिलिंगला गेली, बिलिंगहून विम्याच्या डेस्कला, तिथून कंपनीला. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा विमा प्राधिकरणाचा 2024 चा नियम आहे, हे मला डेस्कवरच्या मुलीनेच सांगितलं, सातव्या तासाला. बिल तेवीस पानी होतं. एकूण 4,18,416 रुपये. मी उभ्या उभ्या पानं उलटत गेले. आयसीयू, मॉनिटर, ऑक्सिजन तासावर, डॉक्टरांच्या व्हिजिट, आणि मग पानामागून पानं बारीक अक्षरातली: हातमोजे, गाउन, सिरिंज, कापूस, थ्री-वे, थ्री-वे, थ्री-वे. बोट ठेवून मी बिलिंगच्या मुलाला विचारलं, अकरा दिवसांत ही चौदा कशी? तो उद्धट नव्हता. शांतपणे म्हणाला, “मॅडम, इन्फेक्शन होऊ नये म्हणून बदलावी लागतात. आणि आपण एमआरपीच लावलीय, एक रुपया जास्त नाही.” मी गप्प. मग माझा चेहरा पाहून असेल, तो म्हणाला, “थांबा, सरांना विचारून राउंड फिगर करून देतो.” आत गेला, दोन मिनिटांत आला. 4,10,000. आठ हजार चारशे सोळा रुपये नुसते पुसून टाकले, फळ्यावरचा खडू पुसावा तसे.

मी म्हटलं, “थँक्यू.”

या ‘थँक्यू’ची मला अजून लाज वाटते. कारण लिफ्टमध्ये शिरेपर्यंत लक्षात आलं, की जी रक्कम दोन मिनिटांत जाऊ शकते ती मुळात कशाची होती? औषधाची? मग औषध फुकट दिलं का? ब्रदरच्या रात्रींची? त्यांचा पगार तर त्यामुळे कमी होणार नव्हता. खऱ्या वस्तूच्या खऱ्या किमतीतून इतक्या सहज काही पुसता येत नाही. त्या मुलाने माझ्यावर उपकार केले होते आणि त्याच दमात, नकळत, बाकीच्या चार लाख दहा हजारांवरचा माझा विश्वास काढून घेतला होता.

‘एमआरपीच लावलीय’ हे वाक्य डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहिलं. आई घरी येऊन झोपायला लागल्यावर मी रात्री जागून वाचायला लागले. सरकारचंच एक प्राधिकरण आहे, औषधांच्या किमती ठरवणारं. त्याने फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी करून आकडे मांडले होते. त्यात ही माझी तोटी भेटली. रुग्णालयाने 5 रुपये 77 पैशांना विकत घेतलेली, रुग्णाला 106 रुपयांना लावलेली. फायदा 1,737 टक्के. आणि खाली कारण दिलेलं: छापील किंमतच फुगवून छापली जाते, कारण घाऊक घेणाऱ्या रुग्णालयांना तशीच हवी असते. म्हणजे बिलिंगचा मुलगा खरंच बोलत होता. एक रुपया जास्त नव्हता. लबाडी पाकिटावर आधीच छापून झालेली होती, त्याने फक्त ती बिलात उतरवून घेतली. आपण बिचारे एमआरपीला कमाल किंमत समजतो. दुधाच्या पिशवीवर दोन रुपये जास्त मागितले तर ‘छापील बघा’ म्हणून भांडतो. ती ढाल आहे असं लहानपणापासून शिकलो, आणि इथे तीच ढाल पलीकडच्याच्या हातात.

विम्याचा तर वेगळाच तमाशा. पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला तीन हजार. आयसीयूतून बाहेर आल्यावर जनरल वॉर्डात जागा नव्हती, मिळाली ती साडेपाच हजारांची खोली. मला वाटलं, वरचे अडीच हजार आपण भरू. तसं नसतं. खोली महाग घेतली म्हणून त्या खोलीतल्या डॉक्टरांच्या फीमधूनही त्याच प्रमाणात हिस्सा कापतात. कारण खोलीचा वर्ग बदलला की रुग्णालयात बाकीचे दरही बदलतात. तेच डॉक्टर, तोच स्टेथोस्कोप, तेच ‘कसं वाटतंय आजी?’, पण एसीत विचारलं तर महाग. रेल्वेत वरच्या वर्गाचं तिकीट महाग असतं ते समजतं, तिथे गादी तरी वेगळी असते. इथे न्यूमोनिया काय पहिल्या वर्गाचा असतो? त्यावर हातमोजे, गाउन, मास्क हे सगळं ‘न देय’ म्हणून वगळलं. शेवटी कंपनीकडून आले 2,26,000. बाकीचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार दादाने आणि मी वाटून घेतले. आम्हाला ते जमलं, हेही सांगायला हवं. दादाची गाडी बदलायची लांबली, माझी एक एफडी मोडली. उपाशी कुणी राहिलं नाही.

अशा वेळी लोक जुन्या फॅमिली डॉक्टरांची आठवण काढतात. मलाही आली. वाईला आमचे एक डॉक्टर होते. लाकडी बाक, कंपाउंडरची खिडकी, लाल औषधाच्या बाटलीवर डोस दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी. पैसे असले तर द्यायचे, नाहीतर ते वहीत लिहायचे. आजोबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ते डॉक्टर रात्री सायकलवरून घरी आले, पहाटेपर्यंत उशाशी बसले, आणि उजाडताना आजोबा गेले. एक पैसा घेतला नाही त्यांनी. उलट तेराव्याला जेवायला येऊन बसले, आजीशी काही न बोलता. हे सगळं सुंदर आहे, आणि आजोबा तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. साधा ईसीजी निघाला नव्हता. आजोबा नक्की कशाने गेले, हे आमच्या घरात आजही कुणाला माहीत नाही. आई एकाहत्तरची आहे, न्यूमोनियातून उठली आहे आणि परवा तिने मला पुरणाची कणीक सैल भिजवली म्हणून झापलं. म्हणून त्या लाकडी बाकावर मला परत जायचं नाही. मला ते बायपॅप हवंय, तो सराईत हातांचा पोरगा हवाय, ब्रदर हवेत. आणि त्याच्याबरोबर त्या वहीतला थोडासा संकोच हवाय, पैसे लिहिताना डॉक्टरांची मान जरा खाली जायची तो.

माझी एक मामेबहीण डॉक्टर आहे. ती आणि तिचा नवरा मिळून उपनगरात बारा खाटांचं नर्सिंग होम चालवायचे. तिच्याकडे मी तणतणले तेव्हा ती चिडली नाही, फक्त म्हणाली, “तुला माझं बिलही दाखवू का?” आगीचा दाखला, कचऱ्याचं कंत्राट, रात्री टिकत नसलेल्या नर्सेस, विमा कंपनीकडे महिनोन्महिने अडकलेले पैसे. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केलं आणि दोघं एका मोठ्या रुग्णालयात लागले. तिथे दर महिन्याला तिच्यासमोर एक तक्ता येतो. ओपीडीत किती पाहिले, त्यातले किती दाखल झाले, किती जणांना तपासण्या सांगितल्या. याला ते ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. मला वाटलं ती गंमत करतेय. “नाही गं,” ती म्हणाली, “कमी झालं तर कुणी रागावत नाही. फक्त विचारतात, काही अडचण आहे का?” हे सांगताना ती मेथी निवडत होती आणि एक-एक पान इतकं सावकाश खुडत होती, की मी पुढे काही बोलले नाही.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा किस्सा तिनेच मग काढला. विंचूदंशावरच्या त्यांच्या कामाने कोकणातली किती माणसं जगली हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवलं, तर तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावाने 1,200 रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि 2013 मध्ये वैद्यक परिषदेकडे रीतसर तक्रार केली. “कौतुक कर,” बहीण म्हणाली, “पण हेही बघ, की बाराशे रुपये न घेणं ही बातमी झाली.” पुढे 2017 मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्धच्या, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्यादेण्याविरुद्धच्या, कायद्याचा मसुदा केला होता. मसुदाच राहिला.

मला सगळ्यात जास्त आठवते ती मात्र वॉर्डातली मावशी. आईला स्पंजिंग करायची, केस विंचरायची. ‘आजी, आज पावडर लावू का?’ विचारायची. तिच्या नवऱ्याला मणक्याचं दुखणं होतं, दोन वर्षं घरी बसून. त्याला ती दोन बस बदलून सरकारी दवाखान्यात न्यायची, सकाळी सहाला रांगेत. मी म्हटलं, अहो, तुम्ही जिथे कामाला आहात ते रुग्णालयच धर्मादाय आहे. कारण लिफ्टशेजारी, पाण्याच्या कूलरच्या मागे, मी तो फलक वाचला होता. वाट बघताना माणूस भिंतीसुद्धा वाचतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून ही योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत टाकायची. म्हणजे माझ्या आईच्या चार लाखांतले आठ-सव्वाआठ हजार त्या निधीत जाणार, आणि त्यातून कुणाच्या तरी नवऱ्याचा मणका सरळ होणार, हे मला त्या अकरा दिवसांतलं एकमेव समाधानाचं गणित वाटलं होतं. वर्षाला एक लाख ऐंशी हजारांच्या आत उत्पन्न असलं की निर्धन रुग्ण धरतात. मावशी कंत्राटी, तिला महिन्याला तेरा हजार मिळत. म्हणजे वर्षाचे एक लाख छप्पन्न हजार, बरोब्बर बसत होती. मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. ती कंगव्यातले आईचे केस काढून बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, “ते आमच्यासाठी नसतं ताई. ते कागदवाल्यांसाठी असतं.”

मी म्हटलं, मी कागद करून देते. ती ‘बरं’ म्हणाली. डिस्चार्जच्या धावपळीत नंबर घ्यायचा राहिला. खरं तर राहिला नाही. आठवण झाली तेव्हा मी गाडीत होते, आणि परत वर जायचा कंटाळा केला. ही पांढरी कॅरीबॅग तिनेच बांधून दिली होती. “हे घेऊन जा, पैसे भरलेत तुम्ही.”

गंमत म्हणजे सगळीकडे असंच आहे असंही नाही. आमच्या काकांची अँजिओप्लास्टी साताऱ्याला महात्मा फुले योजनेतून झाली. रेशनकार्ड, आधार, दोन दिवसांची धावपळ, आणि एक रुपया न भरता ते घरी आले. काका येणाऱ्याजाणाऱ्याला छातीवर हात ठेवून सांगतात, ‘सरकारी स्प्रिंग बसवलीय.’ त्या स्प्रिंगची किंमत केंद्राने फेब्रुवारी 2017 मध्ये बांधून दिली तेव्हा औषधी लेप असलेला स्टेंट 29,600 रुपयांवर आला, त्याआधी त्याच्यासाठी लाख-दीड लाख मोजलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. आणि त्यानंतर खासगीत स्टेंट टाकलेल्या एका शेजाऱ्यांचं बिलही मी पाहिलंय. स्टेंटची ओळ आज्ञाधारकपणे खाली, बाकीच्या ओळी जरा जरा वर. फुग्याला एका बाजूने दाबावं तसं. कोविडातही मे 2020 मध्ये सरकारने खासगी रुग्णालयांचे दर ठरवून दिले होते: साध्या वॉर्डाला दिवसाला 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले होते. सगळीकडे पाळले गेले असं नाही, पीपीई किटांच्या नावाखाली काय काय झालं ते आपण पाहिलं. पण दिवसाचा दर आधी कागदावर लिहिता येतो, एवढं तरी सिद्ध झालं होतं. मग साथ गेली, आणि ‘अंदाजे खर्च’ पुढची जागा पुन्हा कोरी.

आणि आईला यातलं काही माहीत नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, किती झालं? दादा आणि मी जिन्यातच ठरवून आलो होतो. सगळं मिळून ऐंशी हजार, त्यातले निम्मे विम्याने दिले, आपले चाळीस. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ‘चाळीस,’ ती म्हणाली, आणि गप्प झाली. ऑगस्टच्या पेन्शनला तिने मला हाक मारली आणि पाकीट दिलं. आत पाच हजार. वर तिच्या वळणदार अक्षरात ‘हप्ता 1’. मी नको म्हटलं, रागावले, रडलेसुद्धा. “माझ्या आजारपणाचं कर्ज पोरांवर ठेवून मी मरणार नाही,” म्हणाली, आणि विषय संपला. दर महिन्याला पाकीट. पैसे मी तिच्याच नावाने बँकेत टाकते, ते वेगळं. पण प्रत्येक पाकीट घेताना वाटतं, की ही बाई एका खोट्या बिलाचे खरे पैसे फेडतेय, आणि खोटं बिल आम्ही केलंय. कमी दाखवून का होईना, केलंच की नाही?

त्या रविवारी ‘हप्ता 8’ होता. दुपारी पाकीट माझ्या हातात ठेवून ती बाल्कनीत खुर्चीवर येऊन बसली. “फिटलं ना गं सगळं?” विचारलं. मी मान हलवली. नातवाचं ठिबक सिंचन अडलं होतं. बाटली भरलेली, नळी जोडलेली, आणि कुंडीत थेंब नाही. त्याने दांडी कढीपत्त्याकडे केली होती. साहजिकच आहे, जिकडे पाणी हवं तिकडे दांडी. मी दांडी फिरवली. क्षणभर नळीत बुडबुडे आले आणि मग टप, टप, टप, मातीचा रंग बदलायला लागला. भाचा ओरडला, नाचला, आणि पाय दुखतोय हे आठवून लंगडायला लागला.

आईने तेवढ्यात दुसरं पाकीट उचललं होतं. चष्मा कपाळावरून खाली ओढला, व्रण आता राहिलेला नाही, आणि पाकीट उन्हाकडे धरून ती मागची बारीक अक्षरं वाचायला लागली.

“एकशे बारा,” ती म्हणाली. “ही माझ्या हाताला होती ना? अशा किती लागल्या?”

“चौदा,” भाचा म्हणाला. मघाशी मी स्टुलावर बसून पुटपुटले असेन, त्याने ऐकलं असणार.

आईचे ओठ हलले. “चौदा बारे एकशे अडुसष्ट, आणि चौदाशे. पंधराशे अडुसष्ट. नुसत्या तोट्यांचे.” तिने पाकीट मांडीवर ठेवलं. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, रागाने नाही.

“आणि सहा दिवस आयसीयू,” ती म्हणाली. “ऐंशी हजारांत कसं बसलं?”